बंदुकीचा परवाना : पिकाच्या राखणीचा रस्ता वेगळा, नेमबाजी क्लबचा वेगळा



भात पोटरीला आलं, भुईमूग शेंगेला लागला, की रानडुकरांची वर्दळ सुरू होते. एका रात्रीत कळप येतो आणि चार महिन्यांची मेहनत उकरून टाकून जातो. मग पारावर कुणीतरी हटकून म्हणतो, "हाताशी बंदूक असती तर!" दुसरा लगेच उपाय सांगतो, "अरे, शेतकऱ्याला परवाना कुठं मिळतो? मुंबईच्या एखाद्या नेमबाजी क्लबात नाव घाल, वर्गणी भर, परवाना आपोआप हातात येईल."

हा सल्ला ऐकायला सोपा आहे, पण निम्मा खरा आणि निम्मा खोटा आहे. क्लबच्या सभासदाला परवाना मिळू शकतो, हे खरं. तो आपोआप मिळतो, हे खोटं. आणि त्या परवान्यावर पिकाची राखण करता येते, हे तर साफ खोटं. या निम्म्या खोट्यापायी पैसे जातात आणि कधी कधी माणूस पोलीस केसमध्ये अडकतो. म्हणून हा विषय आज नीट उलगडून पाहू.

मानखुर्दचंच उदाहरण घ्या. हार्बर लाईनवरचं हे ठिकाण एके काळी खाडीकाठचं गाव होतं. आता तिथं वस्ती दाटली आहे. पण त्या वस्तीत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची भातखाचरं आणि काजूच्या बागा कोकणात आहेत, कुणाची जिरायत घाटावर आहे. मुलगा मुंबईत, वडील गावी. परवान्याचा विचार सुरू होतो तो मानखुर्दच्या खोलीत, आणि बंदूक लागते ती गावच्या बांधावर. क्लबचा सल्ला नेमका अशाच घरात जास्त पोचतो. म्हणून अर्ज कुठं करायचा तेही पुढे सांगितलं आहे.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात बंदुकीचा कारभार शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्याने चालतो. त्याखालचे सविस्तर नियम २०१६ सालचे आहेत. परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. २०१९ साली कायदा कडक झाला. विनापरवाना बंदूक सापडली तर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड. आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक माळ्यावर पडून आहे, ती कुणी वापरत नाही, ही सबब चालत नाही.

परवाना कुणाला द्यायचा हे कलम १३ मध्ये आहे. गंमत अशी की शेतकरी आणि क्लबचा सभासद, दोघांचाही उल्लेख त्याच कलमात, जवळजवळ लागूनच आहे. पण दोघांना दिलेली वस्तू वेगळी आणि हेतूही वेगळा.

शेतकऱ्यासाठी म्हटलं आहे : पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. आपण जिला बारा बोअर म्हणतो, ती याच जातीची.

क्लबच्या सभासदासाठी म्हटलं आहे : केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा तो सभासद असला, तर निशाणाच्या सरावासाठी पॉइंट टू टू बोअरची रायफल किंवा हवेची रायफल.

दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात पीक आहे, दुसऱ्यात निशाणाचा सराव आहे. दुसऱ्या वाक्यात पिकाचा शब्दसुद्धा नाही. एवढं ध्यानात राहिलं तरी अर्धी फसवणूक टळेल.

क्लबचा रस्ता कुणासाठी?

नेमबाजी हा खेळ आहे, आणि त्यात महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे पुढे १९५२ साली लोकसभेचे पहिले सभापती झाले तेच. त्यांच्या नावाने आजही देशपातळीवरची नेमबाजी स्पर्धा भरते. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या दोघांच्या हातातली रायफल पॉइंट टू टूचीच, कलम १३ मध्ये जिचा उल्लेख आहे ती. खेड्यातल्या पोराला हा रस्ता बंद नाही, हे त्यावरून दिसतंच.

पण हा रस्ता कसा आहे ते समजून घ्या.

एक : क्लबात नाव घातलं की लगेच परवाना, असं नाही. २०१६ च्या नियमांनी मागणी आहे ती खेळाला वाहून घेतलेल्या नेमबाजाची, जो परवानाधारक क्लबचा किंवा संघटनेचा मागली दोन वर्षं सक्रिय सभासद आहे आणि ज्याला पद्धतशीर शिकून सराव करायचा आहे. 'सक्रिय' या शब्दावर भर आहे. नुसती वर्गणीची पावती पुरत नाही. सरावाची हजेरी आणि स्पर्धेतला भाग हीच त्याची खूण.

दोन : सुरुवातीला स्वतःचं हत्यार लागतच नाही. नवशिका बहुधा क्लबच्या हत्यारावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकतो. दहा मीटरच्या स्पर्धेतली हवेची रायफल ४.५ मिलिमीटरची असते. तेवढ्या बोअरची आणि वीस जूलपेक्षा कमी जोराची हवेची रायफल परवान्याविना घेता येते. घेताना दुकानदाराची पावती मात्र जपून ठेवा. जोर किंवा बोअर त्याहून जास्त असेल, तर परवाना लागतो.

तीन : वय. बंदुकीचा परवाना २१ वर्षं पुरी झाल्याशिवाय मिळत नाही. बारा वर्षांवरच्या मुलामुलींना मात्र नियमांच्या चौकटीत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली नेमबाजी शिकता येते. मानखुर्दच्या मुलाला मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. गावाकडच्या मुलांसाठी पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडा संकुलात रेंज आहे. आपल्या जिल्ह्यात कुठं सोय आहे ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीत विचारावं.

चार : या परवान्यावरची रायफल निशाणाच्या फळीसाठी आहे. ती घेऊन रात्री बांधावर बसलात, तर परवान्याची अट मोडली असं होतं. अट मोडल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा कायद्यात आहेत, आणि परवाना रद्द होतो तो वेगळाच. शिवाय पॉइंट टू टूची गोळी लहान. तिने मोठं डुक्कर जागेवर पडत नाही, जखमी होऊन उलटतं. जखमी डुकराने माणसं फाडल्याच्या गोष्टी तुम्हाला आम्ही सांगायला नकोत. आणि गोळी लहान असली तरी ती एक किलोमीटरच्या पलीकडे जाते. पलीकडच्या शिवारात कोण राखणीला बसलंय, ते अंधारात दिसत नाही.

म्हणून घरात खेळाची आवड असलेलं पोर असेल, तर क्लबात जरूर घाला. पीक राखायचं असेल, तर क्लबची वर्गणी भरू नका. ते पैसे कुंपणाला लावा.

शेतकऱ्याचा सरळ रस्ता

पीक राखणीच्या परवान्यासाठी कुणाच्या ओळखीची किंवा क्लबची गरज नाही. कायद्यात एक चांगली गोष्ट आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. दीड एकरवाल्यालाही अर्जाचा हक्क आहे.

मात्र हक्क म्हणजे हमी नव्हे. ज्याला गुन्ह्यात शिक्षा झालेली आहे, ज्याच्यावर शांतता राखण्याचा जामीन घेतलेला आहे, ज्याची मनाची स्थिती ठीक नाही, अशांना परवाना मिळत नाही. सार्वजनिक शांततेला धोका दिसला तरीही अधिकारी नाही म्हणू शकतो. बांधाच्या भांडणावरून गावात तक्रारी चालू असतील, तर पोलीस ते अहवालात लिहितात, हे धरून चाला.

अर्ज 'ए-एक' या नमुन्यात करायचा. त्याबरोबर साधारणपणे हे कागद जोडावे लागतात :

१. फोटो, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, जन्मतारखेचा दाखला.

२. सातबारा आणि आठ-अ चा उतारा. जमीन सामाईक असेल, तर कसणारा कोण ते स्पष्ट करावं.

३. शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला.

४. बंदूक सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, आणि मागितल्यास हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला.

५. पिकाच्या नुकसानीचे पुरावे. वनखात्याचे पंचनामे, भरपाईचे जुने अर्ज, ग्रामपंचायतीचं पत्र. कायद्याने हे सारे कागद हवेतच असं नाही, पण 'खरीखुरी गरज' दाखवायला याहून बोलका पुरावा नाही.

अर्ज गेला की जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. परवाना मिळाला तर तो पाच वर्षांचा असतो. त्याला देशपातळीवरच्या नोंदीचा एक ओळख क्रमांक मिळतो. तो क्रमांक परवान्यावर आहे ना, हे आधी पाहावं. जुन्या परवान्यावर नसेल, तर ज्या कचेरीने परवाना दिला तिथं लगेच विचारावं.

परवाना नाकारला तर खचू नका. कारणं लेखी मागा. ती लिहून ठेवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. लोकहिताला बाध येत असेल तेवढं सोडलं, तर मागितल्यावर ती तुम्हाला दिली पाहिजेत. कारण हाती आलं की ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. तारीख चुकवू नका.

अर्ज मानखुर्दला की गावाला?

नियम असा, की माणूस जिथं कायम राहतो किंवा जिथं त्याचा कामधंदा आहे, तिथल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ग्रामीण भागात हा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, आपले जिल्हाधिकारीच. पण जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं हे काम पोलीस आयुक्तांकडे असतं. मानखुर्द हे मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे खरं, पण तिथल्या रहिवाशाला वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन उपयोग नाही. त्याचा अर्ज मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडेच जातो.

आता विचार करा. मुंबईत नोकरी करणारा, वर्षातून दोनदा गावी जाणारा मुलगा आयुक्तांपुढे 'पीक राखणी' असं कारण लिहील, तर ते पटायचं कसं? राखण करतात वडील किंवा भाऊ. म्हणून जो प्रत्यक्ष शेत कसतो आणि गावात राहतो त्याने, आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, हे शहाणपणाचं. मुलाने कागद जमवायला मदत करावी. मुंबईचा पत्ता लपवून गावचा पत्ता देणं, किंवा गावचा लपवून मुंबईचा देणं, दोन्ही वाईट. खोटी माहिती देऊन घेतलेला परवाना केव्हाही रद्द होऊ शकतो.

आणि एकाच्या नावाची बंदूक दुसऱ्याने रात्री घेऊन जायची, ही गावची रीत सोडा. राखणीला घरातला दुसरा कुणी बसणार असेल, तर त्याला कायदेशीर मुभा कशी मिळेल ते अर्ज करतानाच विचारून, लेखी घ्या.

परवाना मिळाला, म्हणजे डुक्कर मारायला मोकळीक मिळाली?

नाही. इथं पुष्कळ जण घसरतात. शस्त्र परवाना तुम्हाला बंदूक बाळगू देतो. रानातलं जनावर मारण्याचा कायदा निराळा. तो म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ते उभ्या पिकाला धोका करत असतील, तर वनखात्याचा अधिकार असलेला अधिकारी लेखी आदेशाने मारण्याची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने या दोन प्राण्यांबाबत २०१५ साली तशी कार्यपद्धतीही ठरवून दिली. तेव्हा आधी वनक्षेत्रपालाकडे अर्ज, मग परवानगीचा कागद हातात, मगच बार. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता असते. त्याचे वाटे घालणं हा गुन्हा आहे.

बिबट्या आणि मोर यांच्यावर तर नळी रोखायचीच नाही. मोराने दाणे टिपले म्हणून छऱ्याची बंदूक चालवणाराही याच कायद्यात सापडतो. हवेच्या बंदुकीला शस्त्र परवाना लागला नाही, म्हणून वन्यजीवांचा कायदा लागत नाही असं नव्हे.

नुकसान झालं तर आधी भरपाई मागा. पीक तुडवलेलं दिसल्याबरोबर फोटो काढा, वनखात्याकडे अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत शेत जसंच्या तसं राहू द्या. सौर कुंपण, गावाने मिळून केलेली राखण, यांचाही विचार करा. मात्र घरच्या विजेची तार कुंपणाला जोडू नका. त्या तारेला डुकराआधी आपलाच माणूस चिकटतो.

वडिलांची बंदूक

कोकणात आणि घाटावरही कितीतरी घरांत वडिलांच्या नावावर परवाना असतो. वडील वारले की बंदूक तशीच कोपऱ्यात राहते. हे चालत नाही. परवानाधारक वारला की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र-विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी, आणि मग वारसाने अर्ज करावा. २०१६ च्या नियमांत आणखी एक सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं राहिली, यांतलं जे आधी घडेल त्यानंतर तो हयातीतच ती वारसाच्या नावे करून देण्यासाठी अर्ज करू शकतो. वारसालाही पोलीस तपासणी आणि बाकीच्या अटी लागू असतातच. वडील हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.

बंदूक घरात आली, तर

पालघर जिल्ह्यात २०२५ साली डुकराच्या शिकारीला रानात गेलेल्या लोकांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली, आणि तो जागेवर गेला. झुडूप हललं म्हणजे डुक्करच, असं धरून चालणाऱ्याच्या हातून हे होतं. क्लबात कुणी जावो न जावो, तिथं पहिल्या दिवशी जे शिकवतात ते प्रत्येक बंदूकवाल्याने शिकावं :

• प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजूनच हातात घ्या.

• नळी माणसाकडे, घराकडे, वाटेकडे कधीही रोखू नका.

• नेम धरेपर्यंत बोट चापावर नको.

• समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय बार नको.

• घरी बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

• दारू पिऊन बंदुकीला हात नको. लग्नात, वरातीत हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

• निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याचा आदेश आला, तर वेळेत जमा करा आणि पावती घ्या.

थोडक्यात

कुणी एजंट दारात आला आणि म्हणाला, "अमुक हजार द्या, क्लबचं कार्ड देतो, सहा महिन्यांत परवाना देतो," तर त्याला तीन प्रश्न विचारा. हा क्लब सरकारने मान्य केलेला आहे का? दोन वर्षांची सक्रिय सभासदी कुठून आणणार? आणि त्या परवान्यावर 'निशाणाचा सराव' लिहिलेलं असेल की 'पिकाचं रक्षण'? तिसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसेल.

पोराला खेळाडू करायचं असेल, तर त्याला रेंजवर पाठवा. पीक राखायचं असेल, तर सातबारा घेऊन आपल्या जिल्हाधिकारी कचेरीत आणि वनक्षेत्रपालाकडे जा. बंदूक येईल तेव्हा येईल. तोवर पंचनाम्याचा कागद, कुंपण आणि शेजाऱ्याशी पाळी लावून केलेली राखण, हीच पिकाची खरी सोबत आहे.

हे पत्रक वाचून झालं की ग्रामपंचायतीत लावा, आणि मुंबईला असलेल्या आपल्या माणसालाही वाचून दाखवा.